टोकियो ते सोल: आईंच्या लुगड्याच्या शोधात

परवा मीराचा बेलव्ह्यूहून फोन आला. या उन्हाळ्यात ती मुलांना घेऊन जपान आणि कोरियाला चालली आहे. म्हणाली, "मम्मा, मी लहान असताना आपण गेलो होतो ना? कुठे कुठे गेलो? आय ओन्ली रिमेंबर आजी अँड दॅट राइस कुकर."

तिच्या आठवणीत एवढंच उरलंय हे ऐकून हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. म्हटलं, लिहूनच काढावं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण तुमच्यापैकी कुणी तिकडे जायचं मनात घोळवत असेल तर त्यांना चार गोष्टी कळतील. भाव मात्र माझ्याकडून घेऊ नका. ही हकीकत शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातली आहे.

आम्ही तेव्हाही इथेच, अमेरिकेत ईडन प्रेरीला राहत होतो. आदल्या सप्टेंबरात माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. अनिल, म्हणजे माझे यजमान, दिवसभर ऑफिसात आणि मीरा नऊ वर्षांची. सांगलीला कळवलं आणि सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून एकट्या आल्या. मामंजी धाकट्या दिरांकडे राहिले. डिसेंबरात परत जायच्या होत्या, पण माझी पाठ काही लवकर बरी होईना, म्हणून त्या जुलैपर्यंत थांबल्या. मला उठवायचं, न्हाऊ घालायचं, मीराचा डबा, अनिलचं जेवण, सगळं त्यांनी केलं.

आणि मी त्यांचं काय केलं? त्या आल्या त्याच आठवड्यात पलंगावर पडल्या पडल्या त्यांना म्हटलं, "आई, इथे तुम्ही गोल साडी नेसा हं."

सासूबाई लग्न झाल्यापासून नऊवारी लुगडं नेसत. दोन पायांमधून मागे खोचलेला काष्टा, चापूनचोपून. गोल साडी म्हणजे आपली नेहमीची पाचवारी. मी कारणं दिली: बर्फ आहे, दुकानांत सरकते जिने आहेत, कुठे काही अडकेल. खरं कारण वेगळंच होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. पालकांच्या दिवशी माझी आई लुगडं नेसून यायची आणि वर्गातल्या दोन मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या. आता शेजारच्या अमेरिकन बायका तशाच हसतील असं मला वाटलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्यांची लुगडी बॅगेच्या तळाशी गेली आणि दहा महिने तिथेच राहिली.

परतीच्या प्रवासात त्यांना सोबत म्हणून आम्ही तिघंही निघालो. श्रावणात नणंदेच्या मुलीची पहिली मंगळागौर सांगलीच्या घरीच करायची होती. शिकागोचा ट्रॅव्हल एजंट म्हणाला, पॅसिफिकवरून गेलात तर वाटेतले थांबे त्याच तिकिटात बसतील. जपान म्हणजे कॅमेरे, घड्याळं, टेपरेकॉर्डर! अनिलचे डोळे लकाकले. भारतातून मागण्यांची पत्रं आलीच होती. जावेला जपानी साडी, नणंदेला जपानी साडी, भाच्याला वॉकमन, मामंजींना घडीची छत्री. सासूबाईंचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. फॉरेनच्या साड्या येत त्या सगळ्या पाचवारी. त्यामुळे कुणीही परदेशातून आलं की सासूबाईंच्या वाट्याला साबणाच्या वड्या यायच्या.

टोकियोत आम्ही उएनो स्टेशनजवळ उतरलो होतो. विमानतळावरून बसनं दीड तास. खोली एवढीशी की एक बॅग उघडायची तर एकानं पलंगावर चढून बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बाथरूममधून बाहेर आल्या त्या हिरवं सुती लुगडं नेसून. मी बघतच राहिले.

"अशी काय बघतेस? इथे आपल्याला कोण ओळखतंय? आणि आता घरीच निघालेय की मी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांची मान, पाठ, चाल, सगळंच त्या सकाळी बदललं होतं. हॉटेलचा जिना त्या मीराच्या बरोबरीनं उतरल्या. दहा महिने मी या बाईला दुसऱ्याच कुणाच्या कपड्यांत ठेवलं होतं, हे मला टोकियोत येऊन कळलं. तिथेच ठरवलं, सांगलीला पोचायच्या आत आईंसाठी फॉरेनचं लुगडं घ्यायचं. चांगलं नऊ वार, एकसंध. तोंडानं माफी मागणं मला जमलं नसतं. कापड घेता आलं असतं.

असाकुसाच्या देवळापाशी किमोनोतल्या एक आजी भेटल्या. त्या थांबल्या, सासूबाईही थांबल्या. दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला आणि मग दोघी एकमेकींच्या मागच्या बाजूला जाऊन निरखून बघू लागल्या. जपानी आजींनी काष्ट्याकडे बोट दाखवून आपल्या लेकीला काहीतरी समजावलं.

सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "यांचंही मागेच खोचलंय बघ. पण यांनी उशी का बांधलीय गं? बसताना टेकायला?"

"आजी, दॅट्स द बेल्ट!" मीरा हसून लोळायची बाकी होती.

दुपारी आकिहाबारा, सगळी विजेच्या सामानाची दुकानं. त्या वर्षी येन फार वधारला होता, डॉलरला एकशे साठ-पासष्टच मिळत होते, तरी पासपोर्ट दाखवला की कर माफ. अनिलनं कॅमेरा घेतला, वॉकमन घेतला आणि भारतात चालेल असा दोनशेवीस व्होल्टचा राइस कुकर घेतला. सासूबाई शाकाहारी. तिथे साध्या सुपातही माशाचं पाणी असायचं. म्हणून अनिल म्हणाला, "काळजीच मिटली, खोलीतच भात करू." तांदूळ आणि मेतकूट आम्ही बरोबर घेतलंच होतं. आता जपानची वीज शंभर व्होल्टची. तासाभरानं झाकण उघडलं तर तांदूळ कोमट पाण्यात निवांत पडलेले.

"अनिल, तुला इंजिनिअर कुणी केलं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीच केलंत आई."

"चुकलंच आमचं," म्हणत त्यांनी डब्यातली दशमी काढली.

क्योटोला बुलेट ट्रेननं गेलो. रेल्वेचा पास तेव्हा जपानबाहेरूनच घेऊन जावा लागे, तो आम्ही शिकागोतून मागवला होता. क्योटो जुलैत भट्टीसारखं तापतं. जमलं तर ऑक्टोबरात जा. पण देवळांतल्या लाकडी ओसऱ्यांवर अनवाणी बसलं की गार वाटतं, आणि एका देवळाबाहेरच्या छोट्या खानावळीत सासूबाईंना निव्वळ टोफूचं जेवण मिळालं. "पनीरच आहे, फक्त मिठाची आठवण नाही," असा शेरा मिळाला, पण ताट स्वच्छ झालं.

दुसऱ्या सकाळी एका मोठ्या देवळाच्या आवारात जुना बाजार भरला होता. जुने किमोनो, भांडी, बाहुल्या. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे रेशमी कापडाच्या घट्ट गुंडाळ्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. त्यात एक फिकट जांभळी होती, तिच्यावर बारीक पांढरी पानं. सासूबाई आणि मीरा पुढे देवळाच्या तळ्यातले मासे बघायला गेल्या होत्या. मी घाईनं विचारलं, "हाऊ मेनी मीटर्स?" त्यानं कागदावर बारा लिहिले. बारा मीटर! नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. उरलेल्यात चोळ्यासुद्धा होतील. म्हातारा डोकं हलवून पुन्हा पुन्हा हाताची दीड वीत करून दाखवत होता. मला वाटलं गुंडाळीचा आकार सांगतोय, बॅगेत मावेल म्हणून. आपल्याकडे ताग्यावर कापड दुमडून गुंडाळतात, तसंच हेही असणार, याबद्दल मला शंकाच आली नाही. पैसे दिले आणि गुंडाळी पर्समध्ये कोंबली.

हॉटेलवर येऊन दोरा सोडला. कापड उलगडत गेलं, उलगडत गेलं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. रुंदी मात्र दीड वीतच राहिली. किमोनोचं कापड तेवढ्याच पन्ह्याचं विणतात आणि पट्टे जोडून शिवतात, हे मला आज माहीत आहे.

"मम्मा, इज इट अ व्हेरी लाँग स्कार्फ?" मीरानं विचारलं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. कापड बोटांत धरून त्यांनी चोळून पाहिलं. "रेशीम चांगलंय. कुणासाठी गं हे?"

खोटं सुचेना. "तुमच्यासाठी. लुगडं म्हणून घेतलं."

त्यांनी त्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की पलंगावर बसावं लागलं. "अगं, हे मारुतीच्या लंगोटालासुद्धा अपुरं पडेल!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "असू दे. याचे खण पाडू. मंगळागौरीला सवाष्णींच्या ओटीत घालू, फॉरेनचा खण."

"पण आई, एवढ्याशात चोळी कशी होईल?"

"ओटीतला खण कोण शिवतं? तो पुढच्या ओटीत जातो. तुला कॉन्व्हेंटात हे शिकवलं नाही वाटतं."

ओसाकात कापडाचे निर्यातदार आहेत, त्यांत सिंधी मंडळी बरीच, असं कुणीतरी सांगितलं होतं. भारतात "जपानी साडी" म्हणून ज्या येत त्या अशाच पेढ्यांमधून. शोधत शोधत एका तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात पोचलो. मालकांनी चहा पाजला, आपला चहा, आलं घातलेला. पाच दिवसांनी असा चहा मिळाल्यावर अनिल तिथून उठायलाच तयार नव्हता. जावेला आणि नणंदेला दोन छान साड्या मिळाल्या. मग मी नऊवारीचं विचारलं. त्यांनी सासूबाईंकडे बघून हात जोडले.

"बहेनजी, यहाँ सब साढ़े पाँच मीटर छपता है. पल्ला एक, बॉर्डर एक. नौ गज कौन लेगा? मांजी जैसी कितनी बची हैं अब?"

सासूबाईंना हिंदी बेताचंच येत असे, पण एवढं त्यांना समजलं. जिना उतरताना त्या म्हणाल्या, "कशाला हट्ट करतेस, शुभा? माझ्याकडे सात लुगडी आहेत. मेल्यावर सरणावर एकच लागतं."

मला तर आता ते लुगडं घेतल्याशिवाय घरी तोंड दाखवता येणार नाही असं झालं होतं.

ओसाकाहून विमानानं सोल, दीड तास. तेव्हाचं सोल म्हणजे जिकडेतिकडे खणलेलं. ऑलिंपिक दोन वर्षांवर आलं होतं. रस्ते, पूल, इमारती, सगळ्यांवर परांच्या बांधलेल्या. जपानच्या मानानं तिथे सगळं स्वस्त, डॉलरला नऊशेच्या आसपास वॉन मिळायचे, आणि माणसं मोठ्यानं बोलणारी, बाजारात हात धरून ओढणारी. दोन दिवसांत आम्हाला घरच्यासारखं वाटू लागलं. हॉटेलात दोनशेवीस व्होल्टचं एक सॉकेट होतं. अनिलनं कुकर लावला, भात झाला, आणि आम्ही चौघांनी पलंगावर बसून मेतकूट-भात खाल्ला. मीराला आठवतो तो राइस कुकर हाच. कोरियात शाकाहारी माणसानं किमचीपासूनही जपून राहावं, तिच्यात माशाचा रस असतो. हे आम्हाला अर्धी वाटी संपल्यावर कळलं. सासूबाईंना मी ते कधीच सांगितलं नाही.

दोंगदेमूनच्या कापडबाजारात जायला मी एकटीच निघाले होते. सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मी येते. तुला कापडातलं कळत नाही."

बाजार म्हणजे मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर कापडाच्या उभ्या ताग्यांचं रान. कोपऱ्यातल्या एका गाळ्यात साठीची एक बाई होती, कुरळे केस, कमरेला पैशांची पिशवी. सासूबाईंना एक आमसुली रंगाचं कापड दिसलं, सिंथेटिक, बारीक बुट्टीचं, पाण्यासारखं सुळसुळीत. पन्हा त्यांनी स्वतः तपासला. कापड कमरेला लावून खाली घोट्यापर्यंत सोडलं. बरोबर आलं. मी नऊ बोटं दाखवली. बाईनं लाकडी पट्टी काढून मोजलं, आणि सासूबाई एकदम ओरडल्या, "अगं, ही वारानं मोजतेय!"

खरंच. मीटरनं नव्हे, वारानं. तिथे कापड तसंच विकतात. एक, दोन, तीन... बाई कोरियनमध्ये मोजत होती, सासूबाई मराठीत, आणि नवाला दोघी एकदमच थांबल्या. एवढ्या कापडाचं ही काय करणार, असं बाईनं खुणेनं विचारलं. सासूबाईंनी दोन गाळ्यांमधल्या बोळात उभं राहून आपल्या अंगावरचं लुगडं दाखवलं. निऱ्या कुठे, पदर कुठे, काष्टा कसा जातो. आजूबाजूच्या चार बायका जमल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अमेरिकेत दहा महिने मी ज्या हसण्याला घाबरत होते, ते हसणं इथे होतंच, फक्त त्यात रुमाल नव्हते. सोनेरी काठाची फीतही तिथेच मिळाली, सांगलीला गेल्यावर लावून घ्यायला.

परतताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. कापडाचं पुडकं त्यांच्या मांडीवर होतं. मी मनाचा हिय्या केला.

"आई, अमेरिकेत मी तुम्हाला गोल नेसायला लावलं..."

"ती बघ नदी," त्या खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या. "केवढं पात्र आहे! कृष्णेच्या दुप्पट असेल, नाही?"

मी हो म्हटलं.

मंगळागौरीच्या दिवशी सांगलीच्या घरात चाळीस बायका होत्या. सासूबाई आमसुली लुगडं नेसून बाहेर आल्या, सोनेरी काठ चमचमत होता, आणि सगळ्यांनी त्यांना घेरलं. कुठलं, केवढ्याचं, हात लावून बघू का? "कोरियाचं. सून घेऊन आली," त्या सांगत होत्या. कोरिया कुठे आलं, हे तिथे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. क्योटोचे खण ओट्यांमध्ये गेले. त्यातला एखादा अजूनही मिरज-सांगलीत या ओटीतून त्या ओटीत फिरत असेल.

दुपारी जेवणं झाल्यावर झिम्मा-फुगड्या सुरू झाल्या. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. दरवर्षी पहिली फुगडी त्यांची असायची म्हणे. मी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघा दुखतोय." पाणी आणायला आत गेले तर जाऊ हसत होती. "वहिनी, गुडघाबिडघा काही नाही. ते कापड खोचलेलं राहतच नाही हो, सुळकन सुटतं. सकाळी मी अकरा पिना लावल्यात. त्यांनी जन्मात लुगड्याला पीन लावली नव्हती."

मी तशीच बाहेर गेले आणि त्यांच्याजवळ बसले. "आई, चला आत. बदला ते. तुमचं सुती नेसा."

"गप्प बस. बायका विचारतायत ना अजून."

"पिना टोचत असतील."

"एवढं काही नाही," त्या म्हणाल्या आणि ताठ बसून राहिल्या. दहा महिने जसं "बरं" म्हणून बसल्या होत्या, अगदी तसंच. मी त्यांचं नेसणं त्यांना परत द्यायला निघाले होते, आणि त्या पुन्हा एकदा माझ्यासाठी न सोसवणारं अंगावर घेऊन बसल्या होत्या.

शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही ईडन प्रेरीला परतलो. फोटो धुवून आले. छान आहेत, पण असाकुसातल्या त्या दोन म्हाताऱ्या फोटोत नाहीत. अनिल नेमका तेव्हा रोल बदलत होता. तो कॅमेरा बिघडला, साड्या विरल्या, वॉकमन तर भाच्यानं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी हरवला. मला मात्र काही केल्या चैन पडेना. एका रविवारी सांगलीला फोन लावला. तेव्हा फोन शेजारच्यांकडे होता. सासूबाईंना बोलावून आणेपर्यंत मिनिटं जात. त्या धापा टाकत आल्या.

"काय गं, सगळं ठीक ना?"

"आई, पुढच्या वर्षी मामंजींना घेऊन या. आणि येताना लुगडी आणा. सुती. गोल साडी एकही आणायची नाही."

"आणीन की," त्या म्हणाल्या. "बर्फात तेच बरं. दोन्ही पाय वेगवेगळे गुंडाळलेले राहतात, ऊब असते. गोल साडीत थंडी खालून वर शिरायची बघ."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू अंथरुणात होतीस. तेव्हा काय वाद घालायचा?" आणि मग, अगदी सहज, "पण तू एकदा विचारायचंस."

मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं असावं. म्हणाल्या, "पैसे जातायत, ठेव आता."

ती दोघं पुढच्या मार्चमध्ये आली. पाडव्याच्या दिवशी इथे चांगला वीतभर बर्फ पडला. रस्त्याच्या कडेच्या टपालपेटीत धाकट्या दिरांचं पत्र आलंय का बघायचं होतं. सासूबाई सुती लुगड्यावर अनिलचा कोट आणि पायात त्याचे बूट घालून निघाल्या. सण म्हणून मी पाचवारी नेसले होते. निऱ्या दोन्ही हातांनी उचलून, घसरत, बिचकत त्यांच्या मागून चालले होते. समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघत होती. सासूबाईंनी तिला हात हलवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल की लवकर, गारठशील."